पश्चिमेची पडवी

बसा. दाराशी उभी असलेली मंडळी, आत या. पुढच्या बाकांवर जागा आहे. शाळेतच तर आलो आहोत आणि आता कुणी फळ्यापाशी बोलावणार नाही, तेव्हा पुढे बसायला हरकत नाही.

मला आज बोलणं जड जातंय. या हॉलमध्ये मी खूप बोललो. दर वर्षी दहावीच्या निरोप समारंभाला बोललो. मुलं निघायची आणि मराठीचा मास्तर मागे राहून बोलायचा, असा क्रम होता. विद्यार्थिनीने कायमचं निघून जावं आणि मास्तराने मागे राहून बोलावं, हा क्रम मला कुणी शिकवला नाही.

इक्बालभाई, तुम्ही कुवेतहून धावत आलात. मातीला पोहोचलात, तेवढं बरं झालं. तुमची धाकटी बहीण, आमची डॉक्टर नसीमा, गेल्या मंगळवारी गेली. पन्नाशी नुकती उलटली होती तिची. माझी ऐंशी उलटली आहे. याचा हिशेब मी कुणाला विचारू?

डॉक्टर म्हटलं की नव्या माणसाला वाटतं, ही गोळ्या देणारी. शेजारचे ताप आला की तिच्या दारात. ती म्हणायची, "मी माणसं तपासत नाही हो, मी भिंती तपासते." एकदा एक आजोबा फटकन म्हणाले, "मग आमची भिंत घेऊन येऊ काय? ती कधीपासून शिंकतेय." नसीमा लगेच चपला घालून त्यांच्याबरोबर निघाली. गंमत त्यांनी केली होती, काम तिने मनावर घेतलं.

घरातले, शाळेतले, दवाखान्यातले सूक्ष्म जंतू हा तिचा विषय. आपण घर बांधतो आणि म्हणतो, हे माझं. ती म्हणायची, "सर, तुम्ही राहायला जाण्याआधीच तिथे वस्ती झालेली असते. वस्ती कुणाची हवी, हे ठरवणारा माणूस म्हणजे नकाशा काढणारा. आणि त्याला हे कुणी सांगतच नाही." म्हणून तिने अर्धं आयुष्य प्रयोगशाळेत काढलं आणि अर्धं आर्किटेक्ट लोकांच्या दारात.

आता एक करा. डावीकडे कॉलेजची, विज्ञानाची मंडळी बसली आहेत. उजवीकडे सगळे आर्किटेक्ट आणि इंजिनियर. बघा, तिच्या शोकसभेतसुद्धा तुम्ही वेगळेच बसलात! तिने हे चालू दिलं असतं का? उठा. मंदार, तू तिकडे जा. मॅडम, तुम्ही इकडे या. लाजू नका. मी थांबतो.

हां. आता बोलतो.

मी आज नुसता निरोप द्यायला उभा नाही. सोमवारी आपल्या शाळेच्या नव्या इमारतीचा नकाशा मंजुरीला जायचा आहे. नसीमा ज्या नकाशासाठी दोन वर्षं झिजली, तो हा नकाशा नाही. तो बाजूला पडला. त्यात माझा हात आहे, आणि ते मला इक्बालभाईंसमोर, तुम्हा सगळ्यांसमोर सांगायचं आहे. पण त्याआधी ती मुलगी कोण होती, ते ऐका.

पूर्णगडच्या तांडेलाची पोर. वडील महिनोन्महिने दर्यावर. सकाळच्या एसटीने यायची, केसांना खारा वारा लागलेला असायचा आणि दप्तराला सुक्या मासळीचा वास. मुली नाक मुरडायच्या. ती म्हणायची, "वास माझा नाही, गाडीतल्या टोपलीचा आहे. मी टोपलीशेजारी बसले, एवढंच." आठवीतली पोर. वास कुठून आला, कुणाकडून कुणाला लागला, याचा तपास तेव्हापासून.

मी कविता शिकवायचो. अजून डोळे मिटले की तो वर्ग दिसतो. दुपारचं ऊन कौलांच्या फटीतून फरशीवर पडलेलं, चाळीस गळे एका चालीत, आणि माझ्या हातातली छडी ताल धरण्यापुरती. एका कवितेत 'घर श्वास घेतं' असं काहीसं होतं. नसीमाने हात वर केला.

"सर, श्वास घेतं म्हणजे घर नेमकं काय करतं?"

मी म्हटलं, "काही करत नाही. चेतनगुणोक्ती अलंकार आहे. लिहून घे, परीक्षेला येतो."

तिने लिहून घेतलं. परीक्षेला आला. तिला पूर्ण गुण मिळाले. आणि पुढे पंधरा-सोळा वर्षांनी, मोठ्या विद्यापीठातून शिकून परत आल्यावर, पहिल्याच भेटीत ती मला म्हणाली, "सर, तो अलंकार नव्हता. घर खरंच श्वास घेतं. हवा आत येते, बाहेर जाते, भिंत ओल घेते, सोडते. आपण नाक दाबलं की घर आजारी पडतं."

मी हसलो. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की ज्याने नाक दाबलं होतं, तो मीच.

आपल्याला सवय आहे, मंडळी. पाऊस समुद्राकडून तिरपा येतो, झड आत घुसते, म्हणून पश्चिमेची बाजू आपण बंद करतो. पूर्वी झावळ्यांनी करायचो, आता निळ्या प्लास्टिकने. आणि पाऊस गेल्यावर ते काढायचं राहून जातं. दिवाळीत काढू, शिमग्यात काढू, आंब्याचा हंगाम झाला की काढू. तोवर पुन्हा पाऊस.

मी त्याच्याही पुढे गेलो होतो. शाळेच्या वाचनालयाच्या पश्चिमेला तीन खिडक्या होत्या. त्यांतून नारळांच्या शेंड्यांवरून समुद्राची एक निळी रेघ दिसायची. मी तिथे उभा राहून मुलांना कविता म्हणून दाखवायचो. एका पावसाळ्यात झड आली आणि माझं कवितांचं कपाट भिजलं. पानं एकमेकांना चिकटली. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? आणि मी हट्टाने त्या तिन्ही खिडक्या जांभ्याच्या चिऱ्यांनी बुजवून घेतल्या. वर आतून गिलावा केला आणि खांद्याएवढा हिरवा ऑइलपेंट मारला. स्वच्छ दिसतो ना, म्हणून. भिंतीवर हात फिरवून मी म्हटलं होतं, आता माझ्या पुस्तकांना काही होणार नाही.

नसीमा परत आली ती कापसाचे बोळे लावलेल्या काड्या आणि काचेच्या छोट्या ताटल्या घेऊन. ताटलीत खरवसासारखी थलथलीत जेली. म्हणाली, "सर, वाचनालयात चार ठिकाणी काडी फिरवू का?" मी म्हटलं, फिरव. आठवड्याने ती ताटल्या घेऊन आली. एका ताटलीत काळा गालिचा, कडेला हिरवी लोकर. मी विचारलं, "ही कुठली? संडासातली?"

ती म्हणाली, "नाही सर. ही तुमच्या कवितांच्या कपाटामागची."

मी त्या दिवशी तिला काय बोललो, ते सांगायला लाज वाटते. म्हटलं, तू कवितेत बुरशी शोधायला गेली होतीस का? सगळ्या जगात तुला घाणच दिसते का? तिने ताटल्या कापडात गुंडाळल्या आणि गेली. तो सगळा पावसाळा मी तिच्याशी बोललो नाही. बाजारात समोर आली तर मी भाजी निवडत बसायचो. एकदा तर भाजीवालीच म्हणाली, "मास्तर, त्या भोपळ्यात काय वाचताय एवढं?"

वाचनालयात तेव्हा आमच्या विजयाताई काम करायच्या. समोरच बसल्या आहेत. विजयाताई, तुमची परवानगी घेतलीय मी काल. ताईंना दम लागायचा. टेबलाच्या खणात पंप असायचा. गणपतीला त्या राजापुराकडे माहेरी जायच्या, तिथे दहा-बारा दिवस पंप पिशवीतून बाहेर निघायचा नाही. परत येऊन वाचनालयाचं कुलूप काढलं की दोन दिवसांत खोकला सुरू. मला वाटायचं, माहेरचा गुण. वर्षानुवर्षं मला असंच वाटलं! एक दिवस त्या शिडीवर धाप लागून बसल्या आणि मला म्हणाल्या, "सर, तुमच्या कवितांना वारा सोसत नाही, पण मला लागतो हो."

त्या संध्याकाळी मी नसीमाच्या दारात गेलो. मला पाहून ती म्हणाली, "या सर. भोपळा मिळाला का चांगला?"

मी विचारलं, "विजयाताईंचा दमा माझ्या भिंतीमुळे झाला का?"

ऐका, ती काय म्हणाली. तिला मला जमिनीत गाडता आलं असतं. ती म्हणाली, "सर, तसं मी म्हणणार नाही. तेवढं मला सिद्ध करता येत नाही. दम्याला कारणं खूप. पण खोली बदलून बघणं आपल्या हातात आहे. ते करू." जेवढं माहीत आहे तेवढंच बोलायचं आणि जेवढं हातात आहे तेवढं करायचंच. हा तिचा धर्म होता, आणि तो तिने प्रयोगशाळेत आणि रस्त्यावर सारखाच पाळला.

खिडकी फोडायला गवंडी आला. त्याने चिऱ्यांवर हात ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, ही खिडकी माझ्या बापसानं बुजवली, तुमच्याच सांगण्यावरनं. आता मी फोडतंय. माझ्या झिलानं काय करायचं, ते पण आत्ताच सांगून ठेवा." सगळे हसले. मीसुद्धा हसलो. मग पहिला चिरा निघाला. त्याच्या आतल्या बाजूचा रंग पापुद्र्यासारखा सुटून आला आणि मागे जे काळं पसरलेलं होतं, ते बघून कुणी हसलं नाही. जांभा पाणी पितो, मंडळी. ते त्याला सोडायला जागा लागते. आम्ही बाहेरून झड दिली आणि आतून ऑइलपेंटने त्याचं तोंड शिवलं.

विजयाताईंचा खोकला पुढे कमी झाला. पंप खणात राहिला, पण खण कमी वेळा उघडू लागला. नसीमा म्हणायची, एका खोलीवरून मोठं बोलू नका सर. नाही बोलत बाई. पण ताई समोर बसल्या आहेत, एवढं तर सांगू देशील?

त्यानंतर तिचे रविवार सुरू झाले. महिन्यातला पहिला रविवार. हॉलमध्ये नाही, भाषण नाही. अर्धवट बांधलेल्या नाहीतर कुबट वास येणाऱ्या एखाद्या इमारतीत सगळ्यांना बोलवायची. आणि तिथे एकच नियम होता. आर्किटेक्टच्या हातात ताटली आणि शास्त्रज्ञाच्या हातात टेप. "ज्याला जे येत नाही, ते त्याने करायचं." प्राध्यापक छज्जा मोजताना शिडीवर लटपटायचे आणि आर्किटेक्ट ताटलीवर शिंकून ती बाद करायचे. मग कोऱ्या चहावर भांडणं. पण तीन-चार रविवारांत प्राध्यापकांना कळायला लागलं की खिडकी कागदावर सरकवली की तुळई सरकते. आणि आर्किटेक्टना कळलं की फिनेलने पुसून पुसून खोली निर्जंतुक राहत नाही. मोकळ्या जागेवर कुणीतरी राहायला येतंच. उपयोगी वस्ती टिकवायची तर हवा हवी, उजेड हवा, कोरडी भिंत हवी. जंतू म्हटलं की मारायचा, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ती म्हणायची, "शेजारी आहेत सर. चांगले-वाईट दोन्ही. शेजाऱ्यांना मारत सुटत नाही आपण, दार कसं ठेवायचं ते बघतो."

आणि मग आपल्या शाळेची नवी इमारत ठरली. मंदार गुरव नकाशा काढणार. मंदार, तूही याच शाळेचा. ती तुला म्हणाली, वाचनालयाला आणि सगळ्या वर्गांना पश्चिमेच्या खिडक्या हव्यात, आणि पावसाळ्यातही उघड्या राहणाऱ्या. तू काय म्हणालास, आठवतं?

"मॅडम, रत्नागिरीत जुलैत पश्चिमेची खिडकी उघडी ठेवायची? लोक मला खुळ्यात काढतील."

ती म्हणाली, "मग अशी काढ, की तुला खुळ्यात काढणारा आत बसून कोरडा राहील."

सहा महिने भांडलात तुम्ही दोघं. माझ्या ओटीवर भांडलात, माझा चहा पिऊन भांडलात. तू चिडून कागद गुंडाळायचास, ती ते उलगडायची. शेवटी तू पश्चिमेला लांबलचक पडवी काढलीस. खाली उतरणारं छप्पर, पुढे लाकडी पट्ट्यांची तिरपी झडपं, वर हवा जायला झरोके. झड पडवीत अडेल, वारा आत येईल. भिंतीला आतून चुन्याचा हात, ऑइलपेंट नाही. तो कागद तिने ओटीवर पसरला, झडपांवरून बोट फिरवलं. मग एवढंच म्हणाली, "हे माझ्या ताटल्यांना कधी जमलं नसतं." मंदार, तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी पाहिलं. मास्तराला मागच्या बाकावरचंही दिसतं.

तो नकाशा का बाजूला पडला, ते आता सांगतो.

दुसरा नकाशा आला. पुढून सगळी काच, आत एसी, पडवी नाही. चित्र फार सुंदर होतं. समितीतले म्हणाले, मुंबईसारखी दिसेल. मुलांना गारवा मिळेल, रस्त्याचा आवाज येणार नाही, आणि पडवीत जाणारी जागा वाचून एक वर्ग वाढेल. त्यांचं म्हणणं वेडगळ नव्हतं, कुणी त्यांना वाईट म्हणू नये. त्या दिवशी नसीमा मुंबईला दवाखान्यात उपचार घेत होती. मंदारला बोलावलंच नव्हतं. बोलायला मी एकटाच होतो. मी बांधकाम समितीचा अध्यक्ष. मला सगळं पाठ होतं. एसीवर तिचा राग नव्हता. ती विचारायची, "पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, तेव्हा बंद काचेत चाळीस मुलं कुठली हवा घेणार? आणि एसीच्या जाळ्या दर महिन्याला धुणार कोण, त्याचं नाव सांगा." हे दोन प्रश्न मला विचारायचे होते. नुसते दोन प्रश्न.

मी विचारले नाहीत. म्हातारा झालोय. वाटलं, ही तरुण मंडळी उत्साहात आहेत, आपण कशाला मोडता घाला? वाटलं, नसीमा बरी होऊन येईल आणि तीच बोलेल. मी सही केली.

चार दिवसांनी तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक झाला होता. प्रकृतीचं विचारलं तर टाळलं. म्हणाली, "सर, मिटिंग झाली ना? पडवी राहिली ना?"

मी म्हटलं, "हो. राहिली."

ती म्हणाली, "मग झालं."

मंडळी, मी आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं आणि माझ्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनीशी तिच्या शेवटच्या आठवड्यात खोटं बोललो. दयेपोटी बोललो, असं मला कुणी सांगू नका. भीतीपोटी बोललो. जेवढं खरं तेवढंच बोलायचं, हे ज्या मुलीने माझ्या भिंतीसमोर उभं राहून मला दाखवून दिलं, तिच्याशी.

इक्बालभाई, मी माफी मागत नाही. माफी देणारी नाही इथे. पण ते खोटं अजून खरं करता येतं. सोमवारपर्यंत.

म्हणून आज सकाळी मी चिटणिसांच्या घरी गेलो आणि त्यांच्या हातात पत्र दिलं. अध्यक्ष म्हणून त्या नकाशावर केलेली सही मी मागे घेतली आहे. चिटणीस म्हणाले, "सर, या वयात कशाला वाद?" मी म्हटलं, याच वयात. पुढचं वय माझ्याकडे कुठे आहे? सही नसेल तर तो कागद सोमवारी हलत नाही. समितीचे पाच सभासद या हॉलमध्ये बसले आहेत. मी तुम्हाला हात वर करायला सांगणार नाही. शोकसभेत मतं मागू नयेत, एवढं मला कळतं. पण सभा संपल्यावर शेजारच्या आठवीच्या वर्गात आपण बसणार आहोत. मंदार आपले कागद घेऊन आला आहे. कॉलेजच्या मॅडम नसीमाच्या वह्या घेऊन आल्या आहेत. विजयाताईही बसतील. तुम्ही मला हरवू शकता. तुमच्याकडे चांगली उत्तरं असतील तर मला हरवा, मी पुन्हा सही करीन आणि तसं तिच्या मातीपाशी जाऊन सांगेन. पण ते दोन प्रश्न आज मी मोठ्याने विचारणार आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत उठणार नाही. माझे गुडघे वाईट आहेत. एकदा बसलो की मला उठवणं सोपं नसतं.

आणि हे फक्त आपल्या शाळेपुरतं नाही. या जिल्ह्यात दर गावात काहीतरी बांधलं जातंय. गल्फातून आलेला मुलगा आईसाठी घर बांधतो, पहिली गोष्ट बंद काचा लावतो. त्याची आई पुढे चार महिने कुबट वासात खोकत बसते आणि म्हणते, पोराने किती छान बांधलं. त्या आईच्या घरी कोण जाणार आता? शास्त्रज्ञ आणि आर्किटेक्ट, मघाशी मी तुम्हाला उठवून बसवलं. पुढच्या वेळी उठवायला कुणी नसेल. पुढचा पहिला रविवार कुठल्या इमारतीत, ते आज जाण्यापूर्वी ठरवून जा. ताटल्या कॉलेजात आहेत. टेप प्रत्येकाच्या गाडीत असतो.

नसीमा, बाळ, तुला सलाम. मास्तराचा सलाम विद्यार्थिनीला, असा हा उलटा क्रमही मी आज शिकलो.

आता उभे राहू या. दोन मिनिटं. जे तिला मानत होते त्यांनी तिच्यासाठी दुवा करावी, प्रार्थना करावी, किंवा नुसतं गप्प राहावं. ज्याला रडायचं आहे, त्याने या दोन मिनिटांत रडून घ्यावं.

त्यानंतर आठवीच्या वर्गात या. काम आहे.